काळ्या केसिंगमधली दुसरी डिस्क

१

आरिफ मुल्लाणी चोर आहे, असं राजारामपुरीतल्या त्या गल्लीला कळलं तेव्हा मी त्याच्याच दुकानात स्टुलावर बसून एका डबीचा भाव करत होते.

डबी म्हणजे हार्ड डिस्कचं केसिंग. माझा जुना लॅपटॉप गेला होता, पण आतली डिस्क धडधाकट होती. ती काढून केसिंगमध्ये घातली की वायर जोडून कुठल्याही कॉम्प्युटरवर चालते, एवढं मला कळलं होतं. मला टिकाऊ हवं होतं आणि स्वस्तही हवं होतं. आधीच्या तीन दुकानदारांनी यावर हसून दाखवलं होतं. आरिफ हसला नाही, म्हणून मी बसले होते.

"हे प्लास्टिकचं, खटक्याचं. साडेतीनशे," तो म्हणाला. "दिसाय झकास, पण दोनदा उघडलं की खटके तुटत्यात. आणि हे ॲल्युमिनियमचं, चार स्क्रूचं. सहाशे. डिस्क तापली तर ऊब बाहेर सोडतंय. पडलं तर पोचा येईल, पण डिस्क वाचंल. तुम्ही परत उघडणार नसला मॅडम, तर प्लास्टिकचं बी चालतंय की."

"ॲल्युमिनियमचं. साडेपाचशे," मी म्हणाले.

तेवढ्यात काउंटरवर काहीतरी आदळलं. तसंच ॲल्युमिनियमचं केसिंग, स्क्रू काढलेलं. आदळणारे गृहस्थ साठीचे, पांढऱ्या शर्टातले, आणि आवाज असा की लग्नात माईक लागू नये. मागे हेल्मेट हातात धरून त्यांचा मुलगा उभा होता.

"ही माझी डिस्क न्हवं!" गृहस्थ ओरडले. "माझी एक टीबीची. ही पाचशेची हाय, आणि मेलेली हाय. माझी कुठं हाय, सांग!"

गल्ली गोळा व्हायला वेळ लागला नाही. गृहस्थांचं नाव हंबीरराव चौगले, राहणार गडमुडशिंगी. बावीस वर्षं त्यांनी पंचक्रोशीतल्या लग्नांचं शूटिंग केलं होतं आणि ती सगळी लग्नं एकाच डिस्कमध्ये होती. डिस्कचं प्लास्टिकचं केसिंग खिळखिळं झालं, म्हणून दसऱ्यानंतर आठ दिवसांनी ते आरिफकडे आले. आरिफने डिस्क काढून या मजबूत केसिंगमध्ये घातली. परवा आजऱ्याला दिलेल्या एका मुलीने आपल्या लग्नाचं शूटिंग मागितलं. तिची आई गेली होती आणि आईचं हलतं-बोलतं चित्र तेवढंच होतं. हंबीररावांनी वायर जोडली, डिस्क फिरेना. मुलाने केसिंग उघडलं, तर आत भलतीच डिस्क.

"काका, तुम्ही दिली तीच मी बसवली," आरिफ म्हणाला. "मी रोज गिऱ्हाइकासमोर जोडून दाखवतो. त्या दिवशी लाईट न्हवती. मी म्हटलं थांबा अर्धा तास. तुम्ही म्हटला, बारशाचं शूटिंग हाय, बसवून दे."

"म्हंजे मी घाई केली म्हणून तू चोरी केलीस?"

आरिफचं तोंड उतरलं. मला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला, कारण त्याने चोरी केलेली असणं शक्य होतं.

"हा गाळा माझ्या साडूचा हाय," हंबीरराव गल्लीला उद्देशून म्हणाले. "महिनाअखेर करार संपतोय. बघू आता कोण ठेवून घेतंय ह्याला. आणि पोलिसातबी जाणार."

मी स्टुलावरून उठले. "तक्रारीत काय लिहिणार? कुठल्या दिवशी, कुणी, कशी बदलली?"

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि एक पाऊल मागे गेले. "तुम्ही विम्याच्या न्हवं? इंगवले मॅडम?"

मी संयोगिता इंगवले. एकतीस वर्षं विम्याचे दावे तपासून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हंबीररावांचा जळालेला कॅमेरा मी कधी तपासला, ते मला आठवत नव्हतं. त्यांना तारखेसकट आठवत होतं.

"ह्या बाईनं माझा क्लेम निम्मा केलता," ते गल्लीला म्हणाले. "बघू दे ह्यांनाच. ह्या कुणाच्याच न्हाईत. दोन दिस देतो. मंगळवारी मी पोलिसात जाणार."

एवढी चांगली शिफारस मला नोकरीतही कुणी दिली नव्हती. मी आरिफचा दिवा ओढून त्या मेलेल्या डिस्कवर धरला. लेबलच्या कोपऱ्याखाली, स्क्रूच्या भोकात, गुलाबी पूड अडकली होती. मी ती नखाने काढून कागदावर टाकली.

गुलाल होता.

२

गुलाल पाहिल्यावर सगळ्यांच्या मनात एकच दिवस आला. खंडेनवमी. त्या दिवशी कोल्हापुरात कोयत्यापासून क्रेनपर्यंत सगळ्याला हार चढतो आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्यालाच ती हत्यारं पुन्हा हातात घेतात.

"सरळ हाय," हंबीरराव म्हणाले. "माझी डिस्क खंडेनवमीला केसिंगमध्ये होती. केसिंगच्या आतल्या डिस्कला गुलाल कसा लागंल? ही खंडेनवमीला उघडी पडलेली डिस्क हाय. आणि उघड्या डिस्का कुणाच्या टेबलावर असत्यात?"

सगळ्यांनी आरिफच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे पाच उघड्या डिस्का पडल्या होत्या.

हंबीररावांचा मुलगा विजयसिंह हळूच बापाला म्हणाला, "पण दादा, हे मुसलमान. ह्यांच्यात कुठली आली पूजा?"

"असतीया की," शेजारचा मोबाईल कव्हरवाला केरबा म्हणाला. तो खरं तर आरिफची बाजू घ्यायला पुढे आला होता. "दरवर्षी असतीया. नारळ मीच फोडतो."

"व्हय," आरिफ म्हणाला. "माझ्या वाडवडलांपासनं हत्यारांना हार घालत्यात. मी बी घालतो."

त्याला नाही म्हणता आलं असतं. केरबाने जीभ चावली. हंबीररावांचा संशय तिथल्या तिथे पक्का झाला आणि बापलेक गाडीला किक मारून निघून गेले. मेलेली डिस्क मात्र मी ठेवून घेतली आणि तिचा नंबर डायरीत उतरवला. नंबर उतरवणं ही माझी जुनी सवय. माणूस दर वेळी वेगळं सांगतो, नंबर तोच राहतो.

गर्दी पांगल्यावर आरिफ स्टुलावर बसला. "सात वर्षं झाली दुकानाला मॅडम. दुसरीकडं गाळा घेतला तरी लोक म्हणणार, हाच तो डिस्क बदलणारा. रिपेअरीवाल्याकडं नावाशिवाय दुसरं काय असतंय? लोक आपलं घरदार डिस्कमध्ये घालून आणून देत्यात."

मी त्याला दिलासा दिला नाही. दिलासा द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी डिस्क उचलली आणि बोटं चिकटली. कडेला, स्क्रूच्या भोकांपाशी, ओशट काहीतरी होतं. मी वास घेतला.

"हे काय लावतोस?"

आरिफने बोट फिरवून पाहिलं, हुंगलं आणि माझ्याकडे बघत राहिला. "हे शिलाई मशीनचं तेल हाय. डिस्कला कोण तेल लावतंय मॅडम?"

३

"जुनं केसिंग कुठे आहे?" मी विचारलं.

आरिफने टेबलाखालून खोका ओढला. त्यात फुटकी केसिंगं, तुटक्या वायरी, कुणाकुणाच्या कीबोर्डची बटणं. त्यातून त्याने एक काळी प्लास्टिकची डबी काढली. तिच्यावर पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर पेनाने ठसठशीत लिहिलेलं: लग्नं. वर किती जीबी, कुठली कंपनी, ते सगळं पट्टीखाली झाकलेलं.

"हे असंच आलं होतं?"

"रबर लावून आणलं होतं. म्हटलं काका, काय झालं? म्हणाले, आपोआप ढिलं झालं, बाजारात चांगला माल राहिला न्हाय."

मी भिंग लावलं. केसिंगला दोन्ही बाजूंना तीन-तीन खटके होते. एका बाजूचे तिन्ही शाबूत. दुसऱ्या बाजूचे तिन्ही मुळातून तुटलेले, आणि त्यांच्यासमोर बाहेरच्या कडेवर तीन खोल खाचा, एका मापाच्या. रुंद तोंडाचा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्याच्या.

"तुझा स्क्रूड्रायव्हर?"

आरिफने मला त्याची हत्यारं दाखवली. सगळी बारीक टोकांची. केसिंग उघडायला तो प्लास्टिकची पातळ पट्टी वापरत होता. "स्क्रूड्रायव्हरनं उघडलं तर तुटणारच की. हे मी न्हाय उघडलेलं. माझ्याकडं आलं तवा नुसतं रबर काढलं, आपोआप उघडलं."

हे तो म्हणणारच होता. त्याच्या बोलण्याला मी काही किंमत दिली नाही, खाचांना दिली. मग मी केसिंगच्या दोन भागांच्या मधली चीर भिंगाखाली धरली. चिरीत, आतल्या बाजूला, गुलाबी रेघ होती. डबी बंद असताना गुलाल तिथे पोचला नसता. म्हणजे ज्या दिवशी आणि ज्या जागी गुलाल उडत होता, तिथेच ही डबी उघडी होती. आणि मेलेल्या डिस्कलाही तोच गुलाल होता.

मी केरबाला हाक मारली. "आरिफच्या पूजेत काय काय असतं?"

"नारळ, हार, उदबत्ती. हळदकुंकू मी लावतो, माझ्याच डबीतलं." त्याने आरिफच्या शटरवरचा वाळलेला लाल टिळा दाखवला. आरिफच्या सोल्डरिंगच्या मशीनवरही तसाच टिळा होता. लाल.

"गुलाल?"

"गुलाल जोतिबाचा मॅडम. ज्यांचं ते कुलदैवत, ते वापरत्यात. आमच्यात न्हाय."

याने काही सिद्ध होत नव्हतं. गुलाल कुणीही विकत घेतो. पण आता मला जोतिबाचा गुलाल, शिलाई मशीनचं तेल आणि रुंद तोंडाचा स्क्रूड्रायव्हर, तिन्ही एकाच घरात बघायचे होते. हंबीररावांच्या घराचा पत्ता मी डायरीत लिहिला.

सकाळी बसची वाट बघत असताना फोन वाजला. विजयसिंह होता. माझा नंबर त्याने आरिफकडून मिळवला होता.

"मॅडम, तुम्ही घरला येऊ नका," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुम्ही आलात की माझं वाट्टोळं हुईल."

अर्थात, मी पहिल्याच बसने गेले.

४

गडमुडशिंगीत चौगलेंचं घर विचारावं लागलं नाही. दारावरच शूटिंगवाले म्हणून पाटी होती. हंबीररावांच्या पत्नी शालूबाईंनी दार उघडलं, मला पाहून पदर सावरला आणि पहिलं वाक्य म्हणाल्या ते हे: "बसा बाई. च्या टाकतो. ह्यांनी दोन दिस जेवण सोडलंय. कायतरी करा."

बाहेरच्या खोलीत जोतिबाची तसबीर, तिच्यापुढे वाटीत गुलाल. खिडकीशी शालूबाईंचं शिलाई मशीन. जुनं, पण चाकाला असं तेल दिलेलं की उन्हात चमकत होतं. मशीनच्या ड्रॉवरमध्ये रुंद तोंडाचा स्क्रूड्रायव्हर. तिन्ही गोष्टी एकाच खोलीत मिळाल्या आणि मला जरासुद्धा आनंद झाला नाही. घरात कुणीतरी डबी उघडली होती, हे कळलं. कुणी आणि का, ते राहिलंच.

विजयसिंह माझ्या नजरेला नजर देत नव्हता. बापाचं शूटिंग त्याला पुढे चालवायचं नव्हतं, हे मला शालूबाईंनी चहा देता देता सांगून टाकलं. त्याला केकचं दुकान टाकायचं होतं.

हंबीरराव आले, बसले. दाढी वाढली होती. "मिळाला का पुरावा?"

"आधी पावती दाखवा," मी म्हणाले. "डिस्कची."

विम्याचा माणूस पहिल्यांदा पावती मागतो आणि दहातली नऊ माणसं तिथेच अडखळतात. हंबीरराव दहावे निघाले. कपाटातून त्यांनी फाईल काढली. कॅमेरे, दिवे, वायरी, सगळ्याच्या पावत्या तारीखवार लावलेल्या. त्यात २०१५ सालची एक पावती होती. एकाच दिवशी, एकाच दुकानातून दोन डिस्का आणि दोन काळी केसिंगं. एक डिस्क एक टीबीची, एक पाचशेची. दोन्हींचे नंबर दुकानदाराने खाली लिहिले होते.

"पाचशेची कुठे आहे?" मी विचारलं.

"ती दोन वर्षांमागं मेली. तिच्यातली लग्नं मी आधीच मोठीत घेतलीती. तिच्यावर 'खराब' म्हणून पट्टी लावली आणि कपाटात ठेवली."

मी डायरी उघडली आणि पावतीशेजारी ठेवली. आरिफच्या टेबलावर मी उतरवलेला नंबर आणि पावतीवरच्या पाचशेच्या डिस्कचा नंबर, बाराच्या बारा अक्षरं तीच.

"ती मेलेली डिस्क आरिफची नाही," मी म्हणाले. "तुमचीच आहे. ती याच घरातून, 'लग्नं' लिहिलेल्या डबीत बसून आरिफकडे गेली."

हंबीररावांनी दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा वाचले. मग फाईल मिटली, उठले आणि मुलाची कॉलर धरली.

५

"माझी लग्नं कुठं विकलीस? बोल!"

"दादा, मी न्हाय!"

शालूबाई मध्ये पडल्या. विजयसिंह रडायच्या बेताला आला आणि मग त्याने जे सांगितलं, त्यासाठीच तो मला येऊ नका म्हणाला होता. बापाचा जुना कॅसेट प्लेयर त्याने मोबाईलवरून परस्पर विकला होता. माळ्यावर धूळ खात पडलेला. घर तपासलं की ते उघडकीला येणार, म्हणून तो घाबरला होता.

"प्लेयर विकला, व्हय. डिस्क न्हाय विकली. आईची शप्पत."

"जो एक विकतो, तो दुसरं बी विकतो!"

"सोडा त्याला," मी म्हणाले. "डिस्क विकायची असती तर त्याने तिच्या जागी मेलेली घातली असती आणि पुन्हा डबी नीट लावली असती. त्याला डब्या उघडता येतात, खटके न मोडता. आरिफचं केसिंग त्यानेच उघडलं होतं. ही डबी ज्याने उघडली, त्याला ती कशी उघडतात ते माहीत नव्हतं."

हंबीररावांचा हात सुटला. मी शालूबाईंकडे कात्री मागितली. त्यांनी मशीनवरची दिली. कात्रीच्या दोन पात्यांमधल्या स्क्रूला ताजं तेल होतं आणि स्क्रूच्या खाचेत गुलाल होता.

"ही कात्री कुणी खोलली होती?"

"मी," हंबीरराव म्हणाले. आवाजात राग होता, पण थोडा ताठाही होता. "दर खंडेनवमीला खोलतो. माझे वडील सुतार. ते रंधा खोलायचे, पातं वेगळं, लाकूड वेगळं, पुसायचे, तेल द्यायचे, मग पूजा. हत्यार उघडल्याबिगर पूजा कसली? वरनं टिळा लावणं म्हंजे माणूस सोडून त्याच्या सदऱ्याला गंध लावल्यागत."

"कॅमेरा?"

"लेन्स काढतो, बॅटरी काढतो."

"मिक्सर?"

"पातं काढतो."

"शिलाई मशीन?"

"खालची पट्टी, शटल, सगळं. ह्या शालूला इचारा."

"आणि डिस्का?"



विजयसिंहाने खिशातून मोबाईल काढला. खंडेनवमीला त्याने पूजेचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला होता. त्याने तो मोठा केला. पाटावर कॅमेरा, बाजूला लेन्स. कात्रीची दोन पाती. मिक्सरचं पातं. हंबीररावांचा चष्मासुद्धा. आणि कडेला, झेंडूच्या फुलांखाली, दोन चपट्या चंदेरी वस्तू, गुलालाने माखलेल्या, शेजारी शेजारी.



६

बाकीचं मी सांगितलं, आणि कुठे चुकले तर थांबवा म्हणाले. त्यांनी थांबवलं नाही.

यंदा हंबीररावांना वाटलं, डिस्का हीसुद्धा हत्यारंच, मग त्यांनाच का वगळायचं? मेलेलीही पूजेला घ्यायची, कारण तिने आठ वर्षं चाकरी केली होती. डब्या कुठून उघडतात ते माहीत नव्हतं, म्हणून मशीनचा स्क्रूड्रायव्हर घातला. खटके तुटले, ते ध्यानात आलं नाही. डिस्का पुसल्या, बोटाने तेल फिरवलं, गुलाल वाहिला.

"दसऱ्याच्या सकाळी तुम्हाला दुकानाच्या मुहूर्ताचं शूटिंग होतं का?" मी विचारलं. दसऱ्याला ते असतंच.

"व्हय. म्हणून कॅमेऱ्याचं सामान सकाळीच उचललं, डिस्काबी डब्यांत घातल्या."

"आणि चष्मा?"

त्यांनी डोळे मिटले. "चष्मा ठेवला. सांजंला सोनं वाटून आल्यावर उचलायचा म्हटलं."

दोन सारख्या काळ्या डब्या, गुलालात माखलेल्या दोन सारख्या चंदेरी डिस्का आणि चष्म्याशिवायचा माणूस. मेलेली डिस्क 'लग्नं' लिहिलेल्या डबीत गेली. जिवंत डिस्क 'खराब' लिहिलेल्या डबीत गेली. डब्या हलायला लागल्या, आणि हंबीररावांनी खरोखर मनापासून बाजारातल्या मालाला शिव्या घातल्या. त्यांनी जाणूनबुजून खोटं असं काही सांगितलंच नव्हतं, यंदा डिस्काही खोलल्याचं ते रागात साफ विसरले होते. अशा माणसाचा दावा तपासणं सगळ्यात अवघड असतं.

"मग सुटलं की!" विजयसिंह उठला. "आपली डिस्क 'खराब'च्या डबीत हाय. कपाट उघडा."

तो कपाटाकडे गेला. शालूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या.

"कपाटात न्हाय ती," त्या म्हणाल्या.

"मग कुठंय?"

हंबीरराव भिंतीला टेकून खाली बसले. "आमच्यात निकामी झालेलं हत्यार भंगारात देत न्हाईत," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खोलीबाहेर गेला नाही. "आणि त्यात लोकांच्या लेकीबाळींची लग्नं. भंगारवाल्याच्या हातात कशी देऊ? दसऱ्याच्या सांजंला मळ्यातल्या जुन्या विहिरीवर गेलो. नारळ फोडला. डबीला दोरा गुंडाळला, हात जोडले आणि सोडली पाण्यात."

बावीस वर्षांची लग्नं, आजऱ्याच्या त्या मुलीची आई, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने, आदराने, विहिरीत सोडलं होतं. एकतीस वर्षांत मी अनेकांना तुमचा दावा नामंजूर म्हणून सांगितलं. त्या दिवशी मला माझं काम नकोसं झालं.

७

थोड्या वेळाने हंबीररावांनी तोंड धुतलं. "आरिफला घरी बोलावतो," ते म्हणाले. "जेवाय घालतो, माफी मागतो. साडूला फोन करून करार पुढं करायला सांगतो. मिटलं. विहिरीचं मात्र गावात नको. बावीस वर्षं लोकांनी भरवशानं लग्नं दिली मला. लोक हसतील, आणि पुन्हा कोण बोलावंल?"

"फोन लावा," मी म्हणाले.

त्यांनी स्पीकरवर लावला. सगळं सांगितलं, विहिरीसकट. 

"काका," आरिफ म्हणाला, "जेवाय नको. कालपासनं माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक न्हाय. दोघं आपल्या डिस्का परत घेऊन गेली. माझ्या बायकोला, फातिमाला, नळावर बायकांनी इचारलं. तुम्ही मला गल्लीत चोर म्हटलासा. घरात माफी मागून माझं काय हुतंय?"

फोन बंद झाला. हंबीरराव माझ्याकडे बघायला लागले. मी डायरी पिशवीत घातली. चोरी झालेली नाही, हा माझा निष्कर्ष. पुढचं काम माझं नव्हतं, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

मंगळवारी सकाळी दहाला मी राजारामपुरीत गेले. हंबीरराव येतील असं मला वाटत नव्हतं. माणसं स्वतःच्या अब्रूवर आलं की फार हिशेबी होतात, हा माझा अनुभव.

ते आले. दाढी केलेली, पांढरा शर्ट, सोबत विजयसिंह आणि ज्यांचा गाळा ते साडूही. आरिफच्या पायरीवर ते चढले आणि गल्लीकडे तोंड करून उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, आणि पार चौकापर्यंतची माणसं वळली. "शनिवारी मी ह्या आरिफला इथं चोर म्हटलं. मी चुकलो. चोरी झालीच न्हाय. माझी डिस्क मी स्वतः खंडेनवमीला खोलली, मी स्वतः डब्यांत अदलाबदल केली आणि जिवंत डिस्क मेली समजून मी स्वतः विहिरीत सोडली. नारळ फोडून!"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. हंबीररावांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण ते थांबले नाहीत. आरिफने दिली तीच डिस्क बसवली, एक स्क्रूसुद्धा बदलला नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. ज्यांची ज्यांची लग्नं गेली, त्यांनी आपल्याला येऊन काय बोलायचं ते बोलावं, असंही सांगितलं. मग साडूंना पुढे घेतलं आणि करार पुढे चालू राहील हे त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. मी त्या माणसाचा क्लेम निम्मा केला होता. त्या दिवशी मला ते चुकलंसं वाटलं.

मग ते वळले आणि हात जोडले. आरिफ काउंटरमागे उभा होता. माफ केलं असं तो म्हणाला नाही.

"विहिरीत पाणी किती हाय?" त्याने विचारलं.

हंबीररावांना कळलं नाही. "दोन पुरुष असंल. का?"

"तीन आठवडे झालं न्हवं? मग वेळ घालवू नका." तो टेबलाखाली वाकून झाकणाचा प्लास्टिकचा डबा शोधायला लागला. "बाहेर काढली की पुसायची न्हाय, उन्हात ठेवायची न्हाय. वाळली की आत गंज धरतोय. त्याच पाण्यात बुडवून आणायची. पुण्यात डिस्क उघडून आतलं काढून देणारे हायत. सगळी न्हाय निघणार काका, आधीच सांगतो. पण थोडी लग्नं निघतील. विजय, पोहणारा कोण हाय गावात?"

दारात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती. शनिवारनंतरची पहिलीच. त्यांना दुपारी या म्हणून सांगून आरिफने डबा काखेत मारला आणि ऐन धंद्याच्या वेळी दुकानाचं शटर खाली ओढलं.